चौदा महिने, साडेअकरा वर्षे, त्र्याऐंशी वर्षे: बडोद्यातील एका विकास-तपासणी केंद्राचा अनुभव

गेल्या तीन महिन्यांत आमच्या कुटुंबातील तीन वयांची तीन माणसे एकाच केंद्रात तपासून आली: माझा चौदा महिन्यांचा नातू, माझ्या लेकीची साडेअकरा वर्षांची लेक आणि माझ्या त्र्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. आम्ही दांडिया बाजारात राहतो. हे खासगी केंद्र रेल्वेच्या पलीकडे अलकापुरीच्या बाजूला आहे आणि ‘जन्मापासून वार्धक्यापर्यंत वाढ आणि विकास’ असे त्याच्या फलकावर गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिलेले आहे. केंद्राचे नाव मी येथे देत नाही. तेथील काही गोष्टी मला फार आवडल्या आणि काही मनाला लागल्या, परंतु त्या लागलेल्या गोष्टी अशा कोणत्याही केंद्रात घडू शकतात, आणि तेथे जाताना काय पाहावे हे आपल्या लोकांना कळावे एवढ्याचसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात नातवापासून झाली. तो तेहेतिसाव्या आठवड्यात, म्हणजे ठरलेल्या दिवसांच्या सात आठवडे आधी जन्मला. जन्मवजन एक किलो नऊशे ग्रॅम होते. चौदा महिन्यांचा झाला तरी तो चालत नव्हता आणि हातागुडघ्यांवर कधी रांगलाच नव्हता. बसल्या जागेवरून बूड घासत तो स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत मोठ्या वेगाने जात असे. येणारी-जाणारी माणसे ‘अजून रांगत नाही?’ असे विचारत आणि सुनेचा चेहरा उतरे. तिला कोणी नुसता धीर देऊन भागणार नव्हते. कोणीतरी मुलाकडे नीट, वेळ देऊन पाहावे अशी तिची इच्छा होती आणि ती रास्त होती.

पहिल्याच खोलीत मला या केंद्राबद्दल विश्वास वाटला, आणि त्याचे कारण अगदी साधे होते. तेथील तपासणी करणाऱ्या बेननी बाळाचे सगळे कपडे आणि लंगोट काढून त्याचे वजन केले, काटा आधी शून्यावर आणला आणि वजन दोनदा घेतले. लांबी त्याला झोपवून, डोक्याशी पक्की फळी आणि तळपायाशी सरकती फळी असलेल्या पाटीवर मोजली. दोन वर्षांच्या आतील मुलाची लांबी झोपवूनच मोजतात, आणि तेच मूल उभे करून मोजले तर माप साधारण पाऊण सेंटिमीटरने कमी भरते. त्यामुळे एका वेळी झोपवून आणि दुसऱ्या वेळी उभे करून मोजलेल्या आकड्यांची तुलना करून घाबरण्यात अर्थ नसतो. डोक्याचा घेर न ताणणाऱ्या फितीने कपाळावरून मागच्या उंचवट्यापर्यंत घेतला. वजन आठ किलो सहाशे ग्रॅम, लांबी साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर, डोके पंचेचाळीस सेंटिमीटर. यापूर्वी एका दवाखान्यात बाळाला स्वेटरसकट काट्यावर ठेवून आकडा लिहिला गेला होता, तेव्हा ही काळजी मला किती मोलाची वाटली असेल हे लहान मुलांच्या घरांना वेगळे सांगायला नको.

त्यानंतर त्या बेननी जे केले ते आम्हांला घरी कोणालाच सुचले नव्हते. त्यांनी बाळाच्या वयातून सात आठवडे वजा केले. वेळेआधी जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत असे दुरुस्त करून धरायचे असते, कारण जे आठवडे त्याने पोटात काढायचे होते ते त्याने बाहेर काढलेले असतात. वाढीच्या तक्त्यात चौदा महिन्यांच्या रेघेवर त्याची लांबी खालच्या तांबड्या रेषेला जवळजवळ टेकत होती. साडेबारा महिन्यांच्या आसपासच्या दुरुस्त वयाच्या रेघेवर तोच ठिपका मधल्या हिरव्या रेषेच्या थोडासा खाली, सुरक्षित जागी आला. मग त्यांनी आमचे ममता कार्ड (गुजरातेतील आई-बाळाच्या तपासण्यांचे सरकारी नोंदपत्र) आणि रुग्णालयाची कागदपत्रे मागून घेतली आणि जुनी सगळी वजने वजनाच्या तक्त्यावर टिपली. ठिपके जोडल्यावर जी वक्ररेषा दिसली ती हिरव्या रेषेला समांतर चालली होती. ‘एका ठिपक्याकडे पाहू नका, रेषेच्या दिशेकडे पाहा,’ एवढेच त्या म्हणाल्या. साधारणपणे पूर्ण दिवसांचे बाळ पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते हे आमच्या पिढीला ठाऊक असते, आणि त्याच हिशोबाने आम्ही या बाळाला जोखत होतो. एक किलो नऊशेवरून सुरुवात करणाऱ्या मुलाने वर्षात चौपटीच्या पुढे मजल मारली होती, याकडे मात्र आमचे लक्षच गेले नव्हते.

ज्या तक्त्यावर हे ठिपके पडले तो जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेला आहे. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली गेली. भारतातील मुले दिल्लीची होती. आईचे दूध, पुरेसा आहार, स्वच्छता आणि लसीकरण मिळालेली मुले पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही देशात जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसले. म्हणून वजनाला आणि उंचीला सर्व जगाचा एक मापदंड चालतो. पण मूल काय उचलते, कोणत्या खेळण्याला ओळखते, कोणता शब्द समजते, हे त्याच्या घरावर अवलंबून असते, आणि तेथे परक्या मुलांचा मापदंड लावला तर आपल्या मुलावर अन्याय होतो. वाढ आणि विकास हे दोन शब्द आपण जोडीने वापरतो. त्या दोघांतला हा फरक मला त्या दिवशी प्रथमच नीट उमगला.

विकासाच्या तपासणीसाठी केंद्राने जे साधन वापरले ते आपल्या बडोद्याचे आहे, ही गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय तान्ह्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. नॅन्सी बेली यांची अमेरिकेत तयार झालेली चाचणी त्यांनी आपल्याकडील बाळांवर तपासून पाहिली आणि आपली बाळे कोणती गोष्ट कोणत्या महिन्यात करतात याची निराळी कोष्टके तयार केली. त्यातून घडलेल्या चाचणीत जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी कारक, म्हणजे हालचालींच्या, विकासाच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ पायऱ्या आहेत. पुढे तिच्या सुधारित आवृत्तीत खेळणी आणि वस्तूही येथल्याच घेतल्या गेल्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेली ५४ पायऱ्यांची छोटी बडोदा चाचणी याच कामातून निघाली, आणि केरळात तिरुवनंतपुरम येथे तयार झालेल्या १७ पायऱ्यांच्या तक्त्यानेही बडोद्याचीच कोष्टके आधाराला घेतली. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या. विद्यापीठाच्या चेतन बालवाडीत मुलांना शिकवताना त्यांचे निरीक्षणही होत असे. माझ्या पिढीतील अनेक बायकांनी आपली मुले तेथे सोडली आहेत, परंतु त्या आवाराशी जोडलेल्या विभागाने देशभरच्या बाळांसाठी मापदंड घडवला हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

चाचणीची पेटी उघडली तेव्हा आत घंटा, दोरी बांधलेले लाल कडे, लाकडी ठोकळे, पेला, आरसा, बाहुली, खुंट्यांची पाटी अशा ओळखीच्या वस्तू होत्या. बेन जमिनीवर सतरंजीवर बसल्या, बाळ आईच्या मांडीवर. ठोकळा पेल्याखाली लपवला की तो पेला उचलतो का, कड्याची दोरी ओढून कडे मिळवतो का, दोन ठोकळे एकावर एक ठेवतो का, बारीक गोळी अंगठा आणि तर्जनीच्या टोकांत धरतो का, हे सगळे एका तासाहून अधिक वेळ चालले. बाळाने गोळी अशी अचूक उचलली की सुनेने माझा हात दाबला. घरी तो सतरंजीवर सांडलेला एकेक कुरमुरा असाच टिपतो आणि आम्ही त्याला ओरडतो. मध्ये तो रडला, दूध प्याला आणि पाऊण तास झोपला. कोणी घाई केली नाही, आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी करायचा असल्यास वेगळी फी पडणार नाही असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

भाषेचा प्रश्न आला तेव्हा केंद्राची खरी परीक्षा झाली. बेन गुजराती, त्यांनी बाळाला ‘लाईट क्यां छे?’ असे विचारले आणि बाळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मी काही बोलण्याआधीच त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘तुम्ही घरी जसे विचारता तसे विचारा.’ सुनेने ‘दिवा कुठे आहे?’ म्हणताच त्याने मान वर करून छताकडे बोट दाखवले, आणि बेननी ती पायरी उत्तीर्ण म्हणून लिहिली. मग त्यांनी बाळ बोलत असलेल्या शब्दांची यादी मागितली. आमच्याकडे तो आमच्यासमोर ‘आई’ आणि ‘भू’ म्हणतो, आणि दिवसा सांभाळणाऱ्या आयाबेनसमोर ‘आव’ आणि ‘बा’. आम्ही फक्त मराठी शब्द मोजले होते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात, आणि दोन भाषांमुळे मुलाचा विकास मागे पडत नाही, असे त्यांनी समजावले. बडोद्यातल्या मराठी घरांत ‘मुलाशी एकाच भाषेत बोला’ हा सल्ला किती सहज दिला जातो हे पाहता, केवळ या एका वाक्यासाठीही ही भेट मला सार्थकी लागली असे वाटते.

निकाल दोन आकड्यांत आला. मुलाने गाठलेले विकासाचे वय त्याच्या दुरुस्त वयाने भागून शंभराने गुणले की विकासांक मिळतो. कारक विकासाचे वय अकरा महिने म्हणून विकासांक ८९; मानसिक विकासाचा १०१. ७० च्या खाली आकडा गेला तर उशीर मानून पुढची पावले उचलतात. हे आकडे हातात देताना, हा भविष्याचा निवाडा नाही, आजच्या दिवसाची नोंद आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. आधाराशिवाय चालणे निरोगी मुलांत साधारण सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकते, आणि काही मुले हातागुडघ्यांवर न रांगताच उभी राहतात, हेही त्यांनी सांगितले. तरीही त्या निष्काळजी राहिल्या नाहीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिल्या महिन्यात झालेली तपासणी आणि कानांची तपासणी यांचे कागद त्यांनी मागितले. कानांचा कागद आमच्याकडे नव्हता, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यायला लावली. ती नीट निघाली.

घरी करायच्या गोष्टींची त्यांची यादी छोटी होती: बाळाला जमिनीवर जास्त वेळ ठेवायचे, आवडते खेळणे खाटेच्या कडेवर ठेवायचे म्हणजे तो धरून उभा राहील, आणि चाकांचा, आत बसायचा वॉकर आणायचा नाही. अशा वॉकरमध्ये मुले जिन्यावरून पडतात, आणि त्यामुळे चालणे लवकर येत नाही. कॅनडाने २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. सासूबाईंनी माळ्यावर ठेवलेला लाकडी पांगुळगाडा चालेल का, असे मी विचारले. मूल उभे राहून स्वतः ढकलते आणि मोठे माणूस जवळ असते, तर चालेल, असे उत्तर मिळाले. पांगुळगाडा खाली उतरला, पुसून झाला आणि आता ओसरीत आहे. त्याच्या आधाराने बाळाने दहाव्या दिवशी चार पावले टाकली.

या तपासणीची फी एक हजार आठशे रुपये होती आणि लेखी अहवाल तिसऱ्या दिवशी मिळाला. अहवाल इंग्रजीत होता. तो गुजरातीत किंवा मराठीत मिळाला असता तर आयाबेनलाही वाचून दाखवता आला असता. ही उणीव सोडली तर या भागात मला दोष दिसला नाही.

नातीचा अनुभव मात्र निराळा झाला. तिच्या वर्गातील बऱ्याच मुलींना पाळी आली, तिला अजून आली नाही, आणि कोणीतरी उंची वाढवण्याची भुकटी सुचवली, म्हणून लेकीने वेळ घेतली. उंचीचे मोजमाप येथेही नीट झाले. ती १४५ सेंटिमीटर भरली. मागच्या वर्षी शाळेच्या नोंदीत १३८ होते, म्हणजे वर्षात सात सेंटिमीटर. या वयातील वेगाची वाढ ती अनुभवते आहे हे एवढ्यावरूनच उघड होते. मुलींमध्ये हा वेग साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास शिगेला पोहोचतो, मुलग्यांमध्ये त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि मुलीची पाळी सहसा हा शिगेचा वेग ओसरू लागल्यावर येते. त्यानंतर उंची थोडीच वाढते, बहुतेकींची पाच ते सात सेंटिमीटर. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून, मुलगी असेल तर त्यातून तेरा वजा करून निम्मे केले की साधारण अपेक्षित उंची मिळते. माझे जावई १७० आणि लेक १५४, म्हणून १५५ च्या आसपास, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटरची मुभा. भुकटीची गरज नाही, हे डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

परंतु हे सगळे त्यांनी लेकीला सांगितले, नातीला नाही. तिच्या शरीराबद्दलचे प्रश्न तिच्या डोक्यावरून तिच्या आईला विचारले गेले. तपासणीच्या वेळी मध्ये केवळ एक पडदा होता आणि त्याच्या पलीकडे दुसरे कुटुंब बसलेले होते. साडेअकराव्या वर्षी मुलीला आपले शरीर प्रथमच परके वाटू लागते. अशा वेळी कोणी तिच्याशी थेट, आदराने दोन शब्द बोलले असते तर तिला ते जन्मभर पुरले असते. लगेच डाव्या हाताच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांचे वय पाहावे, असाही आग्रह झाला. उंचीचा वेग योग्य असताना ते आजच कशासाठी, असे लेकीने विचारल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा उंची पाहू, असे ठरले. म्हणजे प्रश्न विचारल्यावरच ते टळले. परतीच्या वाटेवर नातीने मला विचारले, ‘आजी, मी ठीक आहे ना?’ खोलीत अर्धा तास बसून हा प्रश्न तिच्या मनात तसाच राहिला होता. कमाटीबागेत एका बाकावर बसून मी तिला सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. तिने तो कागद घडी करून दप्तरात ठेवला.

आता सासूबाईंविषयी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. अलीकडे उठताना त्या खुर्चीच्या हातांवर जोर देतात आणि एकदा न्हाणीघरात त्यांचा तोल गेला, म्हणून केंद्राच्या ‘वार्धक्य विकास तपासणी’ या सेवेसाठी आम्ही त्यांना नेले. या सेवेची फी अडीच हजार रुपये.

शरीराचा भाग चांगला होता. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला त्यांना पंधरा सेकंद लागले; बारा सेकंदांच्या वर गेले तर पडण्याचा धोका अधिक मानतात. हाताची पकड मोजली. तिशीनंतर दर दहा वर्षांत तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात आणि उतारवयात हा वेग वाढतो, पण खुर्चीवरून उठबस करण्याचा रोजचा सराव या वयातही पायांना बळ देतो, असे फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितले आणि तो सराव त्यांच्याकडून आदराने, ‘आजी, आता पुन्हा एकदा’ असे म्हणत करून घेतला. न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी लावायला सांगितली; ती आता लागली आहे.

त्यानंतर स्मरणाची चाचणी झाली आणि तेथे मला फार वाईट वाटले. परीक्षक तरुण होता, प्रश्न इंग्रजी छापील कागदावरचे, आणि ते तो हिंदीत उल्था करून विचारत होता. ‘आज तारीख क्या है?’ सासूबाई म्हणाल्या, ‘ज्येष्ठ वद्य नवमी, बुधवार.’ त्याने वार बरोबर धरला आणि तारीख व महिना या दोन्ही चौकटींत शून्य भरले. घरी येऊन मी भिंतीवरचे पंचांग पाहिले, नवमीच होती. साठ वर्षे ज्यांनी घरातील उपास, श्राद्धे, सणवार तिथीने सांभाळले त्यांच्या काळाचे भान त्या कागदाला मोजताच आले नाही. पुढे तीन शब्द ऐकवले. वर पंखा घरघरत होता आणि सासूबाईंना डाव्या कानाने कमी ऐकू येते हे कोणी विचारले नव्हते, त्यामुळे तिसरा शब्द त्यांना ऐकूच आला नाही आणि तो विसरलेला म्हणून नोंदला गेला. शंभरातून सात-सात वजा करताना त्या क्षणभर थांबल्या, मग न चुकता शेवटपर्यंत गेल्या. ज्या बाईला पावकी-निमकी आजही तोंडपाठ आहे आणि जी वाण्याचे बिल चष्मा न लावता मनात तपासते, तिच्या अहवालात ‘सौम्य घट, पुढील तपासणी आवश्यक’ असे लिहून आले.

स्मरणाच्या चाचणीवर भाषा, शिक्षण आणि ऐकण्याची क्षमता यांचा परिणाम होतो, ही काही नवी गोष्ट नाही. हरियाणातील बल्लभगड भागात न शिकलेल्या वृद्धांसाठी अशी चाचणी हिंदीत मुद्दाम नव्याने घडवली गेली होती. ज्या केंद्रात चौदा महिन्यांच्या बाळाला ‘तुम्ही घरी जसे विचारता तसे विचारा’ म्हणणारी माणसे आहेत, त्याच केंद्रात त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला ती मुभा मिळू नये, हे मला अजूनही समजत नाही. बाळाला बडोद्याचा मापदंड लावला गेला आणि पणजीला कुठलाच आपला मापदंड मिळाला नाही.

केंद्राच्या बैठकीच्या खोलीत एक मोठे चित्र आहे. त्यात माणसाचे आयुष्य पायऱ्यांनी दाखवले आहे: पाळण्यापासून पन्नाशीपर्यंत पायऱ्या चढतात आणि तेथून काठी टेकणाऱ्या आकृतीपर्यंत उतरत जातात. सासूबाई त्या चित्रासमोर तासभर बसल्या होत्या. मला वाटते, चाचणीतला दोष या चित्रातूनच सुरू होतो. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले त्यांत शेवटच्या टप्प्यालाही त्याचे स्वतःचे कार्य दिले आहे, घसरण नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी तर आयुष्याच्या प्रत्येक वयात काही मिळते आणि काही जाते, असे आग्रहाने मांडले. नव्या गोष्टी झटपट हाताळण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू उतरतो, तर शब्द आणि अनुभवाने आलेले ज्ञान साठी-सत्तरीपर्यंत टिकते, कित्येकदा वाढते. वृद्ध माणूस थोड्याच गोष्टी निवडतो, त्यांत अधिक मन घालतो आणि जे जमत नाही त्याला दुसरी वाट काढतो, असे बाल्टेस यांचे म्हणणे होते. सासूबाई आता रोजचा स्वयंपाक करत नाहीत, पण पुरणपोळी त्यांनी सोडलेली नाही. होळीच्या आदल्या दिवशी कणीक दुसऱ्याकडून तिंबून घेतात, बसून लाटतात, आणि पोळी तीच लागते. त्यांच्या वयाचा विकास मोजायचा तर या पोळीचीही नोंद कुठेतरी व्हायला हवी होती.

मी केंद्राला लेखी पत्र दिले: तिथीचे उत्तर ग्राह्य धरावे, चाचणी मराठीत घ्यावी, आधी कान तपासावेत आणि अहवालात काय टिकून आहे तेही लिहावे. आठ दिवसांनी उत्तर आले की मराठी जाणणाऱ्या परीक्षक गुरुवारी सकाळी येतात आणि चाचणी त्यांच्याकडून फी न घेता पुन्हा होईल. ती अजून व्हायची आहे. कानाचे यंत्र आधी बसवायचे असे आम्ही ठरवले आहे.

तेव्हा माझे मत असे: तीस महिन्यांच्या आतील बाळासाठी, विशेषतः वेळेआधी जन्मलेल्यासाठी, या केंद्रात मी निःशंकपणे जायला सांगेन. वयात येणाऱ्या मुलीसाठी जायचे तर वेगळी खोली आधी मागून घ्यावी आणि डॉक्टरांनी मुलीशी बोलावे असे आरंभीच सांगावे. वृद्धांच्या शरीराची तपासणी जरूर करावी. स्मरणाची मात्र गुरुवारखेरीज करू नये.

बाळाला नेताना रुग्णालयातून सुटतानाचा कागद, ममता कार्ड, डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासण्यांचे कागद, बाळ बोलते त्या शब्दांची दोन्ही भाषांतली यादी आणि त्याची नेहमीची वाटी-चमचा बरोबर ठेवावा. झोपेच्या वेळेची भेट घेऊ नये. शाळकरी मुलांच्या मागील दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी शाळेतून मागून घ्याव्यात. मोठ्या माणसांचा चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नये, आणि चाचणीच्या खोलीत पंखा बंद करायला सांगावे.